दोन गाभ्यांची एक कपची

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला हसायला नको. या सदरातले अनुभव वाचून मी आजवर नाकच मुरडत आलेय. पिंपळावरची बाई, गाडीला हात दाखवणारा म्हातारा, अमावास्येला येणारा बांगड्यांचा आवाज... वाचायचं, ‘काहीही हं!’ म्हणायचं आणि पान उलटायचं. माझा विषयच तसा आहे. जे हातात धरता येतं, मोजता येतं, पिशवीत घालून वर नंबर टाकता येतो, तेवढंच खरं मानायचं. आणि आज मीच लिहायला बसलेय.

माझ्या अनुभवात भूत नाहीये. एक दगडाचा तुकडा आहे, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. आणि मी आहे — आणि यात मी काही चांगली बाई नाहीये. ते लपवून लिहिलं तर गोष्टच कळणार नाही, म्हणून लपवत नाही.

मी रत्नागिरीत एका कॉलेजात इतिहास शिकवते. नाचणे रोडला घर. नवरा बँकेत होता, आता निवृत्त. मूल नाही. दगड आहेत. म्हणजे गेली अकरा वर्षं सुट्टी मिळाली की मी स्कूटर काढते आणि सडे, म्हणजे कातळाची मोकळी पठारं, पालथे घालते. का, तर हजारो वर्षांपूर्वी इथे शिकार करून राहणारी माणसं होती आणि त्यांची हत्यारं अजून मातीत सापडतात. हत्यारं म्हणजे तलवारी नव्हेत हो! बोटाएवढी दगडी पाती, टोकं, तासण्या. ती ओळखायला नजर लागते. ती माझ्याकडे आहे असं मी समजत होते.

यात एक मोठा प्रश्न आहे. आमचा सडा सगळा जांभ्याचा. जांभा फोडला तर भुगा होतो, धार येत नाही. ही पाती आहेत अकीकाची, काचेसारखा फुटणारा दगड तो. सड्यावर अकीक औषधालासुद्धा नाही. मग त्या लोकांनी तो आणला कुठून? माझं म्हणणं, नदीतून. मुचकुंदीच्या पात्रात डोंगरावरून वाहत आलेले अकीकाचे गोटे मिळतात. तेच उचलले, वर जायची गरज काय? हे मी दोन चर्चासत्रांत मांडलंय. लोकांनी टाळ्याही वाजवल्यात. बेताच्या, पण वाजवल्यात.

आता अश्विनी.

नाव बदललंय. लांज्याच्या आतल्या एका वाडीतली मुलगी, वडील मुंबईत कॅन्टीनमध्ये. एसटीने ये-जा करून माझ्या वर्गात बी.ए. केलं. तिला आयुष्यातलं पहिलं दगडी पातं मी दाखवलं, माझ्या तळहातावर ठेवून. माझ्या स्कूटरच्या मागे बसून ती दोन वर्षं फिरली. पुण्याला एम.ए.ला जा म्हणून तिच्या आईला मी पटवलं. गेली, शिकली, पीएच.डी. झाली — आणि सहा वर्षांनी परत आली ती उत्खननाची प्रमुख म्हणूनच! तिच्याच वाडीजवळच्या सड्याखाली एक गुहा आहे, तिथे खणायची परवानगी मिळाली. मला फोन केला, "मॅडम, तुम्ही आमच्याबरोबर पाहिजेच." आमच्याबरोबर म्हणे! त्या गुहेत तिला पहिल्यांदा मी घेऊन गेले होते.

हो, जळत होते मी. सरळ लिहिते, जळून खाक होत होते. गुहेबाहेरच्या फलकावर तिचं नाव वर, तिच्या पुण्याच्या मार्गदर्शक सरांचं त्याखाली, आणि माझं शेवटी, ‘स्थानिक सहकार्य’ या मथळ्याखाली, ज्यांची जागा होती त्या गोविंदतात्यांच्या जोडीला. तात्या भले माणूस आहेत. पण मी आणि तात्या एका ओळीत?

पहिल्याच आठवड्यात सर बघायला आले होते. आम्ही सगळे पायवाटेने गुहेकडे उतरत होतो. अश्विनी चालता चालता वाकली, मातीतून काहीतरी उचललं, पदराला — नाही, ओढणीला पुसलं आणि सरांच्या हातात दिलं. अकीकाचं पातं. अख्खं, दोन्ही बाजूंनी घडवलेलं. त्या पायवाटेवरून मी अकरा वर्षं गेले-आलेय हो! सर माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, हिला डोळा आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाने मी म्हटलं, "आहेच मुळी, विद्यार्थिनी कुणाची!" सगळे हसले. तीसुद्धा हसली, आणि ते हसू खरं होतं, हेच मला सोसेना.

तिचं म्हणणं माझ्या उलट होतं. हे लोक घाट चढून वर जात होते आणि दगड घाटमाथ्यावरून आणत होते. पुरावा नव्हता. पण पुरावा कसा असेल, हे आम्हा दोघींनाही पक्कं ठाऊक होतं — हिरवा अकीक. हिरवट आणि मधून दुधी पट्टा गेलेला. तो नदीत मिळत नाही. मी अकरा वर्षांत एक खडासुद्धा पाहिला नाही. तो मिळतो आंबा घाट चढून पलीकडे. तिथे रस्त्याचं काम चाललं होतं तेव्हा मी त्याचा नारळाएवढा गोटा डिकीत घालून आणला होता.

कशासाठी? तर फोडायला. आमच्यात बरेच जण दगड फोडायचा सराव करतात. जुन्या लोकांनी कसं केलं ते आपल्या हाताने केल्याशिवाय कळत नाही. एका गोट्याने दुसऱ्यावर नेमका घाव घालायचा, की एक कपची सुटते. मागे जो राहतो तो गाभा. गाभ्यावर त्या कपचीच्या आकाराची खाच राहते. कपची परत त्या खाचेत ठेवली तर डब्याला झाकण बसावं तशी बसते, आणि जगात दुसरीकडे कुठेही बसत नाही. एका कपचीचं एकच घर. यावर आमचं अर्धं शास्त्र उभं आहे.

सरावाच्या कपचीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावायचा, म्हणजे ती चुकून खऱ्यात मिसळत नाही. हे अश्विनीला मीच शिकवलं होतं.

शिमगा उरकला, काम परत सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी परसात बसले आणि त्या हिरव्या गोट्यावरून एक सुरेख कपची काढली. खरंच सुरेख निघाली, दुधी पट्टा बरोब्बर मधून. आणि तिला ठिपका लावला नाही.

मग तिची ताजी चमक घालवायला मी ती लाल मातीत चोळली आणि चहाच्या पाण्यात उकळली. नवरा, विनय, ओट्याशी येऊन पातेल्यात डोकावला. "आज दगडाचा चहा? आलं घातलंयस का?"

"तू पेपर वाच," मी म्हटलं.

डाव असा होता की अश्विनीला ती सापडेल. ती हुरळून जाईल, सरांकडे पाठवेल, ‘घाटमाथ्याचा पुरावा मिळाला’ म्हणून सांगेल. सर ती मायक्रोस्कोपखाली धरतील. चहाने डोळ्यांना फसवता येतं, मायक्रोस्कोपला नाही. कड ताजी आहे हे कळणारच. मग मी मान हलवून म्हणायचं, ‘मी तिला म्हटलं होतं, घाई करू नकोस.’ एवढंच हवं होतं मला. तिचा जीव नको होता, नोकरी नको होती. एकदा, फक्त एकदा, सरांसमोर तिचा डोळा चुकायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे तात्यांच्या पडवीत भाकरी खायला गेले. मी म्हटलं, चित्र पुरं करते नि येते. सापडलेल्या वस्तूंची चित्रं काढायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. ट्रेंचच्या, म्हणजे खणलेल्या चराच्या, कोपऱ्यात, वरच्या मऊ मातीत, मी ती दोन बोटं खोल ढकलली आणि ब्रशने वरची माती सारखी केली. जाऊन पोटभर जेवले.

चार वाजता हाक आली. "मॅडम! मॅडम, बघा ना!" अश्विनी धावत माझ्याकडे आली. पथकातली मुलं मागे, सगळे मागे. "आधी तुम्हाला दाखवायची होती."

मी चष्मा वर केला, कपची उन्हात धरली. "घाटावरची असेल बाई," म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तुम्हाला वाटेल मला लाज वाटली असेल. नाही. मला वाटलं, रड. पुढच्या आठवड्यात आणखी रडशील.

तिने त्यावर नियमाप्रमाणे पारदर्शक नेलपॉलिशची रेघ ओढली, बारीक शाईने नंबर घातला, पिशवीत ठेवली. तो नंबर लक्षात असू द्या.

आणि तिसऱ्या दिवशी ते झालं.

मऊ मातीखाली एक टणक थर लागला होता. जांभ्यातून पाणी झिरपून झिरपून माती सिमेंटसारखी घट्ट होते, तसा. चार बोटं जाड. तात्यांनी कुदळ मारून पाहिली, ती उडाली. "ह्येच्याखाली कोण ग्येलेला नाय, मॅडम," ते म्हणाले. "आमचे बापजादेपण नाय." तो थर छिन्नीने हळूहळू सोलायचं काम मी मागून घेतलं. अश्विनी गुहेच्या दुसऱ्या टोकाला मापं घेत होती. सकाळी आठला बसले ते दुपारी दोनपर्यंत. शेवटी थराचा ताटलीएवढा तुकडा एकसंध सुटला. तो मी उलटा केला. खालच्या बाजूला मुठीएवढा दगड रुतून बसला होता, निम्मा त्या लाल सिमेंटमध्ये.

मी पाण्याचा हात फिरवला. हिरवा. मधून दुधी पट्टा.

तात्या शेजारीच उकिडवे बसले होते, ते म्हणाले, "काय झाला? बरा नाय वाटत काय?" मी पुन्हा पुन्हा पाण्याचा हातच फिरवत राहिले, म्हणून त्यांनीच अश्विनीला हाक मारली.

तो गाभा होता. चहूबाजूंनी कपच्या काढलेला, जुन्या झिजलेल्या पायरीसारखा गुळगुळीत. अश्विनीने तो अर्धा तास ब्रशने साफ केला. मग उठली, पेटीतून ती पिशवी काढली — तीच — आणि माझ्या देखत कपची एका खाचेत ठेवली.

टक्.

बसली. सांधा दिसेना. दुधी पट्टा गाभ्यावरून कपचीवर आणि कपचीवरून पुन्हा गाभ्यावर सरळ गेला, कुठे तुटला नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांनी टोपी काढून हातात घेतली, का ते त्यांनाच माहीत. दगड घाटावरून अख्खा आणला आणि इथेच बसून फोडला, याहून मोठा पुरावा मिळणं शक्य नव्हतं. कपची वरच्या मातीत आणि गाभा थराखाली कसा, हे अश्विनीला कोडं पडलं; मग तीच म्हणाली, कोपऱ्यात थर विरळ आहे, खेकड्यांनी वर काढली असेल.

"मॅडम, घावांची दिशा बघा," ती गाभा फिरवत म्हणाली. "हा माणूस डावखुरा असणार. तुमच्यासारखा."

मी डावखुरी आहे. त्या क्षणी मला माझा डावा हात कुठे ठेवावा ते कळेना.

पहिला विचार आला तो असा की कुणीतरी माझं बघितलं आणि माझ्यावरच उलटवलं. पण कसं? तो थर मी माझ्या हाताने सहा तास फोडला होता. त्यात रुतलेला दगड आदल्या आठवड्यात कुणी ठेवणं शक्य नव्हतं. दुसरा विचार, दोन दगड सारखे असतील, कपची नुसती बसल्यासारखी वाटली असेल. म्हणून शनिवारी मी चित्र काढायच्या निमित्ताने ती नंबर घातलेली कपची घरी आणली. गाभा अश्विनीने कुलपात ठेवला होता, तो काही मला मिळाला नाही.

रविवारी सकाळी परसातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला, ज्यात माझा सरावाचा गाभा होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, खिडकीच्या उजेडात बसले. माझा गाभा नारळाएवढा, वर सालपट तसंच, एकाच अंगाला फोडलेला. गुहेतल्याशी त्याचं काही साम्य नाही. त्या दिवशीची शेवटची खाच शोधली, कपची ठेवली.

बसली.

तशीच. सांधा नाही, पट्टा सलग. काढली, पुन्हा ठेवली. दहा वेळा. विनय दूध तापवत होता, तो जवळ आला. "बसली की छान. मग रडतेस कशाला?"

मी त्याला काय सांगणार? की ही कपची जगात एकाच ठिकाणी बसू शकते आणि ती दोन ठिकाणी बसतेय? एक घाव मी घातला, परसात, मागच्या आठवड्यात. आणि तोच घाव कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी घातलाय? फोटो काढला नाही. ते काय पुरावा ठेवायचं काम होतं का माझं? ज्या गोष्टीला मी स्वतःच पुरून आले होते, तिचा फोटो कशाला काढून ठेवीन?

आणि तरीही, विश्वास ठेवा, त्यानंतर मला सगळ्यात जास्त काय वाटलं असेल, तर राग. तिचा. मी पापसुद्धा केलं ते तिच्याच पथ्यावर पडलं! मी खड्डा खणला नि त्यात तिला खजिना मिळाला. एवढं कुणाचं नशीब असतं का?

सोमवारी कपची मी चित्रासकट तिला परत केली. गुरुवारी तिला पुण्याला निघायचं होतं, शुक्रवारी समितीपुढे जायला. कायमची जागा आणि पुढची उत्खननं, दोन्ही त्या एका बैठकीवर होतं. बुधवारी संध्याकाळी तिने मला शोधनिबंधाचा मसुदा पाठवला. पहिलं नाव तिचं. दुसरं माझं. सरांचं तिसरं. खाली लिहिलं होतं, ‘मॅडम, गाभा तुम्ही काढलात. हे तुमचंच आहे. सरांशी बोललेय.’

अकरा वर्षं मला जे हवं होतं ते त्या ओळीत होतं. मी ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

गुरुवारी पहाटेची एसटी धरून मी लांज्याला गेले. ती स्टँडवर होती, पुण्याच्या गाडीची वाट बघत, मांडीवर पेटी. मला बघून उठली. "मॅडम! सोडायला आलात? कशाला एवढं!"

काजूगराच्या दुकानापाशी उभं राहून मी तिला सांगितलं. सगळं. आडपडदा न ठेवता. परस, माती, चहा, दोन बोटं खोल. सांगताना मी तिच्या चपलांकडे बघत होते.

तिने हातातली पेटी खाली ठेवली. मग, "का?"

"तुला मिळतं म्हणून," मी म्हटलं. "मला नाही मिळालं, तुला मिळतं, म्हणून."

"मागितलं असतं तर दिलं असतं मी."

"तेच तर नको होतं मला, अश्विनी."

तिने पेटी उघडली, ती पिशवी काढली. "आणि गाभा?"

"गाभा मी नाही ठेवला! आईशप्पथ. तो खरा आहे."

"पण काढलात तुम्हीच ना."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एकदा माझा हात खोटा ठरला, की त्या हाताने काढलेलं सगळंच खोटं. थरात रुतलेला तो दगड पाहिला कुणी? मी. आणि तात्यांनी, ज्यांना यातलं काही कळत नाही.

"थांब," मी म्हटलं, "माझ्या पिशवीत माझा गाभा आहे. तू बघ, ही कपची दोन्हीकडे बसते, खरंच बसते, तूच बसवून बघ—" मी चेन उघडायला लागले.

तिने माझ्या हातावर हात ठेवला. "नको. मला आता काही दाखवू नका, मॅडम. तुम्ही म्हणताय ना, मग तुमचीच आहे ती." कपचीची पिशवी तिने माझ्या हातात दिली. गाडी लागली. ती चढली. मी चेन अर्धी उघडी असलेली पिशवी घेऊन उभी राहिले. तेव्हा मी तिच्यावर ओरडून, गाडी थांबवून ते तिला दाखवलं असतं तर... रोज विचार येतो.

समितीला तिने काय सांगितलं, ते मला सरांकडून कळलं. ट्रेंच दूषित झालीय, कपची आणि गाभा दोन्ही मागे घेतेय. आणि कारण? ‘माझ्याकडच्या सरावाच्या कपच्या मिसळल्या. चूक माझी.’ माझं नाव घेतलं नाही! सर मला फोनवर म्हणाले, "मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीने असा निष्काळजीपणा करावा..." मी ‘हो’ म्हटलं. तेवढंच जमलं मला. जागा दुसऱ्याला गेली. गुहेला कुंपण घातलं. अश्विनी आता दापोलीला एका कॉलेजात तासांवर शिकवते.

तेव्हाही मला काय वाटलं सांगू? एवढा मोठेपणा हिलाच कसा जमतो, असं वाटलं. जळायची सवय अशी एकाएकी जात नाही हो.

मी ती कपची डब्यात टाकून डबा माळ्यावर ठेवला. पाच महिने हात लावला नाही. गणपती झाले, घर आवरताना डबा खाली आला. विनय म्हणाला, "टाकून तरी दे, नाहीतर बघ तरी." म्हणून काढली. तीच पिशवी, तीच कपची, अश्विनीच्या हाताने घातलेला तोच नंबर. माझ्या गाभ्यावर ठेवली.

बसली नाही.

वाटलं हात चुकतोय. फिरवून ठेवली. उलटी ठेवली. माझ्या गाभ्यावर जितक्या खाचा होत्या तितक्या सगळ्यांवर एकेक करून ठेवून पाहिली. शेवटची खाच तशीच आहे, रिकामी, पण ही कपची तिच्यात जात नाही. दीड-दोन मिलिमीटरने रुंद आहे आणि पट्टा वेगळ्याच कोनात जातो. विनयला बोलावलं. तो बघतच राहिला. "तेव्हा बसली होती हं," एवढंच म्हणाला. नंतर पातेलं घासायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी कोल्हापूरला माझ्या भूशास्त्रवाल्या मैत्रिणीकडे गेले. तिला काही सांगितलं नाही. तिने मायक्रोस्कोपखाली धरली आणि म्हणाली, "कड झिजलीय, खळग्यांत लोहाचं कवच धरलंय. हे चहापाण्याचं काम नाही, फार जुनी आहे. कुठे मिळाली गं? मस्त आहे!"

म्हणजे ती माझी नाही. मग माझी कुठे गेली? मी ती पुरली होती, दोन बोटं खोल, आणि चार वाजता तीच वर आली, मी हातात धरून पाहिली. दोन नव्हत्या. माती चाळणीने चाळली होती, दुसरी निघाली नाही. आणि जर ही जुनी असेल, तर गाभाही जुना, घाट चढून गेलेली ती माणसंही खरी आणि अश्विनीचं सगळंच बरोबर. तिच्या हातातून ते गेलं ते माझ्या खोटेपणामुळे नाही, मी तिला खरं सांगितलं त्यामुळे.

मला तुमच्याकडून स्पष्टीकरण नकोय. जितकी सुचली तितकी मी स्वतःला देऊन झालीत. रात्री झोप येईल इतकं त्यातलं एकही पटत नाही.

अश्विनीला फोन करायला मला तीन आठवडे लागले. दुपारी लावला, तिच्या दोन लेक्चरच्या मधल्या वेळात. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. मी तिला सगळं सांगितलं — बसत नाही, कवच आहे, जुनी आहे, तुझीच आहे ती, मी घेऊन येते, सरांना दोघी मिळून सांगू, तू चुकली नव्हतीस.

रागावली असती तर बरं झालं असतं. अगदी शांतपणे, वर्गात मला शंका विचारायची तशाच आवाजात तिने विचारलं, "मॅडम, आता तुमचं कुठलं खरं धरू मी?"